वेसावे ते मढ, व्हाया अर्थिंग

बोटीच्या डॅशबोर्डवर साधारणपणे पाच काटे असतात: इंजिनाच्या पाण्याचे तापमान, ऑईल प्रेशर, टाकीतले डिझेल, बॅटरीचे व्होल्ट आणि आरपीएम. हे काटे इंजिनापासून चार हात लांब, सुकाणूसमोर बसलेले असतात आणि त्यांना जे कळते ते वायरीतून कळते. इंजिनात बसवलेला सेंडर उष्णतेप्रमाणे किंवा दाबाप्रमाणे आपला रोध बदलतो, तेवढी वीज वाहते, तेवढा काटा झुकतो. वायर धड असेल तर काटा इंजिनाची खबर देतो, नसेल तर वायरीची. मुंबईच्या किनाऱ्यावर वायरीचीच खबर जास्त वेळा येते.

याला कारण पावसाळा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या असतात. इंजिन झाकलेले असते, जाळी झाकलेली असतात, डॅशबोर्डच्या मागचा वायरींचा गुंता मात्र खारी हवा खात उघडा असतो. तांब्यावर हिरवे कीटण चढते, लग सैल होतात, आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली की काटे आपापल्या मर्जीने वागू लागतात. म्हणून हंगामाच्या आरंभी चाचणी फेरी मारायची पद्धत आहे. अशाच एका फेरीला एका नाखव्याने प्रस्तुत लेखकाला बोलावले. लेखकाला मढचा किल्ला पाहायचा होता. नाखव्याला लेखकाजवळचा मल्टिमीटर हवा होता. दोघांनीही आपापला हेतू बोलून दाखवला नाही.

प्रस्तुत लेखक मुलुंडचा आहे. मुलुंडच्या माणसाला समुद्र म्हटला की आधी घाटकोपर आठवते, कारण तिथे गाडी बदलावी लागते. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून ही 11.4 किलोमीटरची वाट थंडगार झाली आहे. बॅग तपासणीच्या यंत्रातून लेखकाची थैली गेली तेव्हा पडद्यावर मल्टिमीटर, दोन टोकदार प्रोब आणि क्रोकोडाइल क्लिपांचा झुबका दिसला. सुरक्षारक्षकाने आदराने विचारले, “डॉक्टर का?” लेखकाने मान अशी हलवली की तिचा अर्थ कोणीही कसाही लावावा. वर्सोवा स्थानकापासून वेसावे धक्क्यापर्यंत रिक्षा, आणि धक्क्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने स्वागत. धक्क्यासमोर मालाडची खाडी, खाडीपलीकडे मढ. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. रस्त्याने जायचे तर मालाड आणि मार्वे रोडचा वळसा. फेरीबोटीत माणसांबरोबर स्कूटरीही चढतात, आणि उतरताना माणसांच्या आधी उतरतात.

नाखव्याची बोट या सुखापासून दूर, फायबरची आणि मध्यम आकाराची होती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ट्रकमध्ये लोखंडी सांगाडा हाच अर्थ असतो. कुठेही स्क्रू पिळा, करंटला परतीची वाट मिळते. फायबरच्या किंवा लाकडाच्या बोटीला असा सांगाडा नसतो. सेंडरवर चालणाऱ्या प्रत्येक मीटरच्या मागे तीन खुंट असतात: एकावर चावीतून येणारा प्लस, एकावर सेंडरची वायर, एकावर अर्थ. सगळ्या मीटरांचे अर्थ एकमेकांना जोडून शेवटी एकच वायर इंजिनाच्या ब्लॉककडे किंवा बॅटरीच्या मायनसकडे जाते. त्या एका वायरीच्या जिवावर सगळे काटे खरे बोलतात. ट्रकच्या गॅरेजातून आलेले कारागीर ही वायर बारीकशी घालतात, आणि मग तिच्यावरच डॅशबोर्डचे दिवेही टांगतात. याला कारागिरी म्हणणे लेखकाला मान्य नाही.

ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो, त्यामुळे पाणी पुरते उतरायच्या आत पलीकडे पोचायचे असा बेत होता. इंजिन छान धडधडत होते. तापमानाचा काटा मध्यावर होता, ऑईल प्रेशर जागेवर होते आणि टाकी सकाळीच भरल्याने डिझेलचा काटा उजवीकडे टेकला होता. खाडीच्या मध्यावर आभाळ भरून आले, अंधारले, म्हणून नाखव्याने डॅशबोर्डचे दिवे लावले.

त्या क्षणी तापमान लालमध्ये गेले, ऑईल प्रेशर शून्यावर आले आणि भरलेली टाकी रिकामी झाली.

प्रवाशाने अशा वेळी काय करावे याबद्दल ग्रंथांत फारसे मार्गदर्शन नाही. लेखकाने लाइफ जॅकेटचे बंद तपासले, मग नाखव्याचा चेहरा तपासला. नाखवा बोटीच्या कडेवरून वाकून बघत होता. “पाणी फेकतंय,” तो म्हणाला. इंजिन थंड करून समुद्रात परत पडणारी पाण्याची धार नेहमीसारखी होती. मग त्याने इंजिनाच्या पाइपला बोटे टेकवून पाहिली, कान दिला आणि निकाल सांगितला. “सायेब, इंजिनाला काय झालं नाय. काट्यांना झालं.”

निकाल बरोबर होता आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. डिझेलची टाकी, इंजिनाचे पाणी आणि ऑईल यांचा आपसात काही संबंध नाही. तिघांनी एकाच क्षणी एकमताने हलणे ही गोष्ट बोरिवलीच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेइतकीच असंभव आहे. एक काटा बिघडला तर सेंडर किंवा त्याची एकटी वायर पाहावी. सगळे एकदम बिघडले तर जे सगळ्यांचे सामाईक आहे ते पाहावे, म्हणजे चावीकडून येणारा प्लस, फ्यूज आणि अर्थ. प्लस गेला असता तर काटे मेले असते. इथे ते जिवंत होते आणि दिवे लावताच हलले होते. दिव्यांचा करंट आणि मीटरांचा करंट एकाच कुजक्या अर्थमधून परतत होता. वाट अरुंद झाली की मीटरचा अर्थ शून्याच्या वर उचलला जातो, उरलेला करंट सेंडरमार्गे पळतो, आणि मीटरला वाटते की सेंडरचा रोध घटला. या बोटीवरचा संच युरोपी पद्धतीचा होता. त्यात 10 ओहम म्हणजे टाकी रिकामी, 180 म्हणजे भरलेली. ऑईल प्रेशरचेही तसेच. तापमानाच्या सेंडरचा रोध तापेल तसा उतरतो. त्यामुळे एका सैल खुंटाने तिन्ही काट्यांकडून वाईटात वाईट बातमी वदवून घेतली. अमेरिकी संचात टाकी रिकामी असताना 240 ओहम असतात आणि भरल्यावर 33. त्यात हाच दोष असता तर टाकी भरलेली दिसली असती आणि बोट निवांतपणे डिझेल संपेपर्यंत गेली असती.

आता दुरुस्ती. पुस्तक सांगते, वायरींना हात लावण्याआधी बॅटरी तोडा. तेच पुस्तक पुढच्या प्रकरणात सांगते की इंजिन चालू असताना बॅटरी तोडू नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात. इंजिन बंद करावे तर बोट ओहोटीबरोबर गाळाकडे निघणार. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसते, त्यामुळे काट्यांकडे दुर्लक्ष करून मढ गाठणे हा शहाणपणाचा मार्ग होता. नाखव्याने तोच धरला. पण लेखकाचा मल्टिमीटर थैलीतून बाहेर आलेला होता आणि खलाशी पोरगा, नाखव्याचा भाचा, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवाही झाला होता. बॅटरी न तोडता फक्त मोजायला हरकत नव्हती.

दिवे बंद ठेवून मल्टिमीटरने सगळे ठीक दाखवले. यात मल्टिमीटरचा दोष नाही. तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि वीस तारांतली एक जिवंत असली तरी त्याला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. पोराने खिशातून आपला टेस्ट लॅम्प काढला: होल्डरमध्ये एक बल्ब, दोन वायरी. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरे मीटरांच्या अर्थवर. बल्ब आजारी पिवळा पेटला. बल्ब करंट मागतो आणि कुजकी वायर तो देऊ शकत नाही. “काका, इथं मार आहे,” पोरगा म्हणाला. मग दिवे लावून मीटरांचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला. एक दशांश व्होल्टच्या आत यायला हवे होते तिथे दोनाच्या वर आले. दिवे लावून मोजायचे, ही सगळी विद्या एवढ्यावर उभी आहे.

शेवटचा पुरावा म्हणजे तात्पुरती वायर टाकणे. लेखकाच्या थैलीत क्रोकोडाइल क्लिपांच्या वायरी लाल, काळ्या, पिवळ्या, हिरव्या अशा सगळ्या रंगांत होत्या आणि सगळ्या वीतभर कमी पडत होत्या. नारळी पौर्णिमेला बोटीवर केलेल्या रोषणाईची वायर फळीखाली पडून होती. पोराने तिचा तुकडा कापला, दोन्ही टोके सोलली आणि एक इंजिनाच्या ब्लॉकच्या बोल्टखाली, दुसरे मीटरांच्या अर्थवर दाबले. तिन्ही काटे आपापल्या जागी परतले. नाखव्याने मागे वळून पाहिले नाही. तो गाळ चुकवत होता.

मढला बोट लावल्यावर पक्के काम सुरू झाले. पोर्तुगिजांचा आणि 1739 साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला तिथून जवळ आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहायचा असतो, आणि लेखकाने तो डॅशबोर्डखालून, दाराच्या फटीतून पाहिला. जुनी अर्थ वायर कापली तर आत तांबे काळे निघाले. खारे पाणी तारांच्या मधल्या फटींतून प्लॅस्टिकखाली वर चढत जाते, म्हणून लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे लागते. मुळात बोटीला कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी, टोकाला लग क्रिम्प करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. नुसते डाग देऊन जोडलेली तार तिथे ताठर होते आणि इंजिनाच्या थरथरीने तुटते. इन्शुलेशन टेपबद्दल लेखकाचे मत छापण्याजोगे नाही. दमट हवेत तिचा गोंद घसरतो, टेप सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणारेही असतात. एका वायरीचा सेंडर त्या आट्यांमधूनच इंजिनाचा अर्थ घेतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

काम चालू असताना पोराचा हात एका जागी थांबला. प्रत्येक वायरीला पांढऱ्या चिकटपट्टीचे चिठोरे होते आणि त्यांवर बॉलपेनने लिहिलेले: पानी. ऑईल. डिझल. अक्षर नाखव्याच्या वडिलांचे. ते गेल्याला बरीच वर्षे झाली होती. शाई पुसट झाली होती, पट्टी पिवळी पडली होती, पण एकही वायर चुकीची नव्हती. नवीन लेबले लिहिली गेली ती जुन्यांच्या शेजारी. जुनी काढायची का, असे कोणी विचारले नाही.

एकटा काटा बिघडल्यास तपासणी सोपी आहे. तापमानाच्या मीटरची सेंडर वायर काढली की काटा थंडवर जावा, ती क्षणभर अर्थला टेकवली की गरमवर. असे झाले तर मीटर आणि वायर निर्दोष, सेंडर बदला. मात्र नवा सेंडर मीटरच्या जातीचा आहे का ते ओहम मोजून पाहावे. दुकानदार “सगळ्याला हाच चालतो” म्हणतो. चालतो, उलटा. डिझेलची टाकी फायबरची असेल तर तिच्या सेंडरला अर्थची वेगळी वायर लागते.

आरपीएमचा काटा या गणितात बसत नाही. डिझेल इंजिनावर त्याला बहुधा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून ठोके मिळतात. तो मेला तर पट्टा सैल आहे का, ती वायर निसटली आहे का, हे आधी पाहावे. या बोटीवर ती वायर मुळात जोडलेलीच नव्हती. “कानाला कळतं,” नाखवा म्हणाला, आणि लेखकाने विषय वाढवला नाही.

राहिला तासांचा मीटर. तो इंजिन किती तास चालले ते दाखवतो आणि त्यावरून ऑईल बदलतात. पण त्याला प्लस सरळ चावीवरून दिला तर चावी चालू असेपर्यंत तो पळतो, इंजिन फिरो न फिरो. तो ऑईल प्रेशरच्या स्विचमधून जोडावा. नाखव्याच्या बोटीवर तो चावीवर होता, टेपही चावीवर होता, आणि बंदीच्या काळात जाळी विणायला बसलेल्या मंडळींना गाणी लागत. त्यामुळे मीटरच्या हिशेबाने या इंजिनाने वर्षातले सर्वांत जास्त काम जून आणि जुलैमध्ये, वाळूवर उभे राहून केले होते.