रेस दे, रेस दे!

रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते, आणि दोघांना जोडणाऱ्या पुलावर वाहतूक तुंबते. या तुंबलेल्या रांगेत पेणच्या आरटीओतून पुन्हा पासिंग करून आणलेली एखादी जुनी एमएच ०६ मारुती ८०० सापडली, की तिचं आयडलिंग आधी डुगडुगतं, मग डॅशबोर्डवरचे लाल दिवे एकदम पेटतात आणि गाडी गप्प होते. मदतीला हाक मारावी लागत नाही. जाणकार हजरच असतो. बॉनेटच्या पत्र्यावर थाप मारून तो निकाल देतो, "कचरा आलाय." बॉनेट अजून उघडलेलं नसतं. ते उघडायची दोरी कुठे आहे, हे गाडीच्या मालकालाही शोधावं लागतं; जाणकाराला त्याची गरज पडत नाही.

या माणसाला अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. जेट, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, गॅसकेट ही सगळी नावं त्याला तोंडपाठ असतात आणि बंद पडणाऱ्या गाडीत यांपैकी काहीही बिघडलेलं असू शकतं. त्याचं दुखणं निराळं आहे. तो समोरचं इंजिन ऐकत नाही, स्वतःचं जुनं बिल वाचून दाखवतो. ज्याची कॉइल एकदा भर पावसात गेली, तो आयुष्यभर सगळ्यांच्या कॉइलवर संशय घेतो. धाटाव एमआयडीसीतून निवृत्त झालेला असेल, तर दोष पेट्रोलमधल्या भेसळीचा. मिनीडोर चालवणारा म्हणतो, "एअर पकडली." त्याच्या डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरली की ती खरोखरच बंद पडते, त्यामुळे त्याच्या जगात इंजिनाला दुसरा आजार नाही. विहिरीवरच्या पंपाने ज्याला छळलं आहे तो फूटव्हॉल्व्हपर्यंत जातो. म्हणजे निदानावरून गाडीचं काही कळत नसलं, तरी निदान करणाऱ्याचा मागच्या दहा वर्षांतला खर्च बिनचूक कळतो.

खरा पुरावा तर गाडीने स्वतःच दिलेला असतो. ती चालताना नीट चालते आणि थांबली की बंद पडते. एवढ्या एका वाक्यात अर्ध्या संशयितांची सुटका होते. पेट्रोल पंप दमला असता किंवा फिल्टर चोंदला असता, तर गाडीने पुलावर पोचायच्या आधी वाटेतल्या खिंडीच्या चढावरच मान टाकली असती, कारण इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल तिथे लागतं. आयडलला लागतं सर्वांत कमी. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली, पेट्रोल येतंय ते स्लो जेटच्या बारीकशा भोकातून, आणि मिटलेल्या झडपेपलीकडे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमची ओढ जोराची. अशा वेळी कार्ब्युरेटरखालचं गॅसकेट किंचित सुटलेलं असलं किंवा रबराची एखादी नळी टोकाशी चिरलेली असली, तर तिथून आत ओढली जाणारी हवा सगळं मिश्रण पातळ करून टाकते. रेस दिली की इंजिन इतकी हवा घेऊ लागतं की त्या चिरेतली हवा हिशेबात उरत नाही. चालत्या गाडीत लपणारा आणि उभ्या गाडीत उघडा पडणारा दोष बहुधा या दोन ठिकाणी सापडतो: बुजलेला स्लो जेट, नाहीतर चोरून शिरणारी हवा. प्लग आणि पॉइंट नंतर बघावेत.

यावर जाणकाराचे पाठीराखे म्हणतील, अनुभवाला काही किंमत आहे की नाही? कोकणातल्या दमट हवेत जुन्या गाड्यांच्या तारा गळतात, पॉइंट काळे पडतात, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर तर ते ओलावाही ओढून घेतं. हे सगळं खरं आहे. पण ओल्या तारा माणूस बघून वागत नाहीत. त्या सकाळी गाडी सुरू होतानाच कुरकुरतील, चढावर मिसिंग मारतील, पुलावर येईपर्यंत थांबणार नाहीत. अनुभवाला किंमत जरूर आहे, फक्त तो प्रश्न विचारण्यासाठी वापरायचा असतो. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? एसी लावल्यावरच का? ब्रेक दाबला की लगेच? जाणकाराला हे प्रश्न सुचत नाहीत असं नाही. पण प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

त्याची खरी कमाल उपचारात आहे. "रेस दे, रेस दे!" असं ओरडत तो गाडी सुरू करवतो, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतो (तो असतोच) आणि आयडलचा स्क्रू आत पिळतो. आठ-नऊशे फेऱ्यांवर थरथरणारं इंजिन पंधराशेवर गुरगुरू लागतं. गाडी बंद पडत नाही! मालक हात जोडतो, मागचे हॉर्न थांबतात, मिनीडोरवालाही मान डोलावतो. आता या यशावर बोट कसं ठेवायचं? ठेवायला हवं, कारण इथे दुरुस्त काहीच झालेलं नाही. झडप थोडी उघडी राहिल्यामुळे इंजिन दोषाच्या जागेपासून फक्त लांब नेलं गेलं आहे. चिरलेली नळी होती तशीच आहे. वर पेट्रोल जळतंय, पहिला गिअर टाकताना गाडी झटका देते, आणि रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत ती क्लच सोडला रे सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता माणसांच्या अंगावर सरकू बघते. पण पुलावरून गाडी हलली, हा पुरावा जाणकाराच्या बाजूने कायमचा जमा झालेला असतो आणि पुढच्या गाडीला तो व्याजासकट सांगितला जातो.

गॅरेजमधला संगणक लावला तर हा माणूस निकालात निघेल, असं तरुण मंडळींना वाटतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो संगणक जोडायला जागाच नसते. इंजेक्शनच्या गाडीतही तो सेन्सरची तक्रार सांगतो, नळीची चीर दाखवत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलून मोकळे होणारे नवे जाणकार याच जातीचे. चीर शोधायचा मार्ग स्वस्त आहे. चालू इंजिनावर नळ्या चिमट्याने एकेक दाबायच्या, गॅसकेटच्या कडेला साबणाचं पाणी शिंपडायचं, आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकायचं. त्याहूनही स्वस्त पुरावा मालकाच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये घडी घालून पडलेला असतो. जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी आयडललाच मोजतात आणि ती दर सहा महिन्यांनी करावी लागते. २००० पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा तिच्या आसपास घुटमळत असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. तो शून्याकडे झुकला असेल आणि हायड्रोकार्बन मात्र फुगलेले असतील, तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. हा कागद पोलिसाला दाखवण्यापुरता असतो अशी सर्वांची पक्की समजूत असल्यामुळे त्यावरचे आकडे कुणी वाचत नाही.

आणि समजा कुणी वाचले, नळ्या दाबून पाहिल्या, चिरलेली नळी सापडली, नवी बसवली, आयडलचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला आणि गाडी पुलाच्या तोंडाशी शांतपणे गुणगुणत उभी राहिली. जाणकार तिथेही असतो. मिनीडोरमधून डोकं बाहेर काढून तो विचारतो, "काय निघालं शेवटी?" हवा ओढत होती, असं उत्तर मिळतं. "मग? मी काय म्हणत होतो? एअर पकडली!"