कोपऱ्याला वळण लावताना

वेबपानावरचा प्रत्येक घटक ही मुळात एक चौकट असते. बटण असो, फोटो असो की ‘प्रवेश सुरू’ची पाटी, ब्राउझर आधी चार काटकोन आखतो आणि मग त्यांत मजकूर बसवतो. हे काटकोन आजवर कोणाला टोचल्याची नोंद नाही. तरीही ते घालवावेत, असे प्रत्येक ग्राहकाला वाटते. रायपुरात ही मागणी विशेष खटकते. शंकरनगरात कॉर्नरच्या प्लॉटला चार पैसे जास्त मोजणारा गृहस्थ दुकानाचे पान बनवून घ्यायला बसला की पहिले वाक्य बोलतो, “कॉर्नर थोडा गोल कर दो.” (तिठ्यावरच्या प्लॉटचा कोपरा नगररचनेच्या नियमाने छाटावा लागला, की हाच गृहस्थ वकील गाठतो.)

मागणी जुनी आहे. १९८१ साली ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी पडद्यावर लंबगोल झपाट्याने काढून दाखवले, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी गोल कोपऱ्यांचे आयत मागितले. ते अवघड आहे आणि लागतेच कुठे, असे ॲटकिन्सन म्हणाल्यावर जॉब्स यांनी त्यांना बाहेर फिरायला नेले आणि ‘नो पार्किंग’च्या पाटीपर्यंत असे आयत मोजून दाखवले. ‘नो पार्किंग’च्या पाटीचा झालेला हा एकमेव ज्ञात उपयोग.

वेबपानाच्या सजावटीसाठी स्टाइलशीटची कल्पना होकोन ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि १९९६ मध्ये सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. तीत रंग होते, समास होते. गोल कोपरा नव्हता. मग कारागिरांनी नऊ खणांचे टेबल मांडले आणि चार कोपऱ्यांच्या खणांत चार चित्रे डकवली. चित्रे जिफ प्रकारची. जिफमधला ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक असतो, नाहीतर मुळीच नसतो. त्यामुळे कड करवतीसारखी दिसू नये म्हणून ती पानाच्या रंगात मिसळून रंगवावी लागे. पुढे ग्राहक, “मागचा रंग जरा केशरी करून बघू या,” म्हणाला की चारही चित्रे नव्याने. त्या काळात बरेच ग्राहक केशरीवरून पुन्हा निळ्यावर येत.

पुढे सीएसएसमध्ये कोपऱ्याची त्रिज्या सांगणारा बॉर्डर-रेडियस हा गुणधर्म आला आणि हे सारे एका ओळीत आटोपले. सुरुवातीला अर्थात एका ओळीत नव्हेच, तीन ओळींत: फायरफॉक्ससाठी मॉझ उपसर्ग, सफारी-क्रोमसाठी वेबकिट उपसर्ग, आणि तिसरी ओळ भविष्यकाळासाठी. वरचा डावा कोपरा एकाच पानावर दोन वेगळ्या नावांनी नांदत होता. इंटरनेट एक्सप्लोररला ही ओळ समजायला २०११ मधली नववी आवृत्ती यावी लागली. तोवर त्याच्या पडद्यावर काटकोन ताठ उभे होते.

बॉर्डर-रेडियसला चार किमती दिल्या तर त्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. संभ्रम झाल्यास रायपूरच्या घडी चौकात जाऊन वर घड्याळाकडे पाहावे. दोनच दिल्या तर पहिली वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला लागते, दुसरी उरलेल्या दोघांना.

टक्केवारीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ५० टक्के म्हणजे वर्तुळ, असा सार्वत्रिक समज आहे. आडवी त्रिज्या रुंदीवरून आणि उभी त्रिज्या उंचीवरून निघत असल्याने हे फक्त चौरसात खरे ठरते. गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीचे फोटो मात्र पासपोर्ट आकाराचे येतात, आणि अध्यक्षांपासून खजिनदारांपर्यंत सगळे पदाधिकारी अंडाकृती होतात. उपाय: रुंदी आणि उंची समान ठेवून ऑब्जेक्ट-फिट हा गुणधर्म ‘कव्हर’ करावा. त्याने फोटो मध्यापासून कापला जातो आणि ज्येष्ठ सल्लागारांची टोपी जाते. मग ऑब्जेक्ट-पोझिशन ‘टॉप’ करावे. टोपी परत येते, हार जातो. हारापेक्षा टोपी महत्त्वाची, असे सर्वसाधारण मत आहे.

त्रिज्या अवाच्या सवा दिली तरी ब्राउझर डगमगत नाही. ३०० बाय ४० पिक्सेलच्या बटणाला ९९९९ पिक्सेल त्रिज्या दिली, तर शेजारच्या त्रिज्यांची बेरीज बाजूत मावेपर्यंत तो सगळ्याच त्रिज्या सारख्या प्रमाणात घटवतो, म्हणजे २० पिक्सेलवर आणतो, आणि दोन्ही टोके अर्धगोल होतात. जाणकार हा आकडा मुद्दाम लिहितात. नवशिक्याला ती चूक वाटते आणि तो दुरुस्त करून बसतो.

चौकटीचा कोपरा गोल झाला म्हणून आतला फोटो आपोआप कापला जात नाही. त्याची टोके बाहेर डोकावतात. त्यासाठी ओव्हरफ्लो ‘हिडन’ करावा लागतो. चौकटीत चौकट असेल तर आतली त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येतून मधले अंतर वजा करून काढावी: बाहेर २०, अंतर १२, तर आत ८. दोन्हीकडे २० ठेवल्यास कोपऱ्यात मधली पट्टी फुगते. ती कोणाला दाखवता येत नाही, पण “काहीतरी विचित्र दिसतंय” हे प्रत्येक जण सांगतो. टेबलाच्या कडा ‘कोलॅप्स’ केलेल्या असतील तर त्याचे कोपरे गोल होतच नाहीत. तिथे ‘सेपरेट’ लिहून अंतर शून्य करावे लागते.

अलीकडे क्रोममध्ये कॉर्नर-शेप हा गुणधर्म आला आहे. त्याने कोपरा तिरपा छाटता येतो, आत खोलगट करता येतो, खाच पाडता येते. त्यात ‘स्क्वेअर’ अशीही एक किंमत आहे. ती दिल्यास त्रिज्या कितीही लिहा, कोपरा काटकोनातच राहतो.