दया घरपट्टीत भरली आहे

बंगळुरूत स्वतःचा फ्लॅट असलेल्या माझ्यासारख्या माणसाला फुटपाथवर कुणी झोपलेला दिसला, तर उगाच अपराधी वाटत नाही. वाटायचे कारणच नाही. आमच्या घरपट्टीतच भिक्षुक उपकर धरलेला असतो, कराच्या तीन टक्के. कर्नाटकच्या 1975 च्या भिक्षाबंदी कायद्याने ही सोय करून ठेवली आहे. दया वर्षातून एकदा, तीही ऑनलाइन भरायची. शिवाय एप्रिलमध्ये एकरकमी भरली तर घरपट्टीत पाच टक्के सूट. पुण्यावर डिस्काउंट देणारे दुसरे गाव मला तरी ठाऊक नाही.

हा पैसा महापालिकेने गोळा करायचा आणि निराश्रितांच्या पुनर्वसनासाठी सोपवायचा, असा नियम. गोळा करायचे काम चोख होते, सोपवायचे तेवढे राहून जाते. थकबाकी कोटींच्या घरात गेली. चला, पैशाला तरी घर मिळाले.

मागडी रोडवरच्या सरकारी निराश्रित केंद्रात ऑगस्ट 2010 मध्ये आठवडाभरात वीसहून अधिक माणसे दगावली. भीक मागण्याच्या कायद्याखाली रस्त्यावरून उचलून आणून ठेवलेली माणसे. यावर विनोद सुचत नाही. पुढे जातो.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना बजावले होते, की लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो चोवीस तास उघडा हवा. दिल्लीच्या महापालिकेने ऐन थंडीत पुसा रोडवरचा बेघरांचा तंबू उखडला, त्यावरून हे निघाले. नंतर 2013 च्या केंद्राच्या योजनेने माणशी किमान जागाही ठरवली, पन्नास चौरस फूट. म्हणजे दहा बाय पाच. आमच्या सोसायटीत मोटारीला याच्या दुप्पट मिळते, पण मोटार मेंटेनन्स भरते.

2011 च्या जनगणनेत बंगळुरूची वस्ती 84 लाख, म्हणजे निवारे हवेत 84. कितीतरी वर्षे आकडा दहाच्या आसपास घुटमळला. जागाच मिळत नाही म्हणे. इंदिरा कँटीनला 2017 मध्ये वॉर्डावॉर्डात जागा मिळाली. साच्यातल्या तयार भिंती क्रेनने उतरवल्या, बघता बघता कँटीन उभे, पाच रुपयांत नाश्ता सुरू. पोटात इडली गेल्यावर माणसाला पाठही टेकावी लागते, हे त्या आराखड्यात बसले नाही. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड बोगद्यासाठी तर थेट जमिनीखाली जागा सापडली आहे, खर्च नुसता सतरा हजार कोटींच्या वर.

बरे, निवारा बांधला तरी हे लोक येतात कुठे? के. आर. मार्केटमध्ये फुलांच्या गाड्या भल्या पहाटे लागतात. हमाल हातगाडीवरच आडवा होतो, चपला उशाशी, पायात गोणपाट. गाडी सोडून लांब निजायला गेला तर गाडी जाणार, आणि पहाटेचा ट्रक हुकला तर मजुरी जाणार. पण साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला निवारा बांधतात, तो रिकामा राहतो, आणि फायलीत शेरा पडतो: लाभार्थींचा प्रतिसाद अल्प.

काही लोक फारच उत्साही. ते सरकारची वाट न बघता स्वतःच ताडपत्री बांधून मोकळे होतात. जानेवारी 2020 मध्ये बेळंदूरजवळ करियम्मन अग्रहारात अशा झोपड्या 'बांगलादेशी' म्हणून जेसीबीने सपाट केल्या. आतून निघाले उत्तर कर्नाटकातले मजूर, आधार कार्डासकट. उच्च न्यायालयाने कान उपटले. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा आपले ठाण्याचे अभय ओक होते. झोपडी बेकायदा, निवारा कागदावर आणि फुटपाथ पादचाऱ्यांचा. तेव्हा उभ्याने झोपण्याचे प्रशिक्षण कौशल्य विकास योजनेत घालायला हरकत नसावी.

सरकार या लोकांना शोधतच नाही, हे मात्र खोटे. जनगणनेत एक अख्खी रात्र बेघरांसाठी राखीव असते. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री प्रगणक फलाटांवर, पुलाखाली जाऊन त्यांना मोजून आले. पुढची रात्र 2021 मध्ये यायची होती, ती आलीच नाही. शहर कधीच कोटीपार गेले. हिशेब अजून 84 चाच.

आता काळजी नको. सप्टेंबर 2025 पासून बंगळुरूला एक सोडून पाच महापालिका आहेत. 84 ला पाचने भागले की प्रत्येकीच्या वाट्याला सोळा निवारे, आणि चार उरतात. ते चार कोणाच्या हद्दीत, हे ठरल्याशिवाय बाकीच्या ऐंशींना हात कसा लावणार?