तुमच्या चिरंजीवांची आडवी गाडी

आइंडहोवेन, नेदरलँड्स
शनिवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

आम्ही सगळे मजेत आहोत आणि तुमच्या चिरंजीवांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण ग्रुपवरचा तो फोटो पाहून कराडच्या आत्यांनी मला फोन केला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “कधी झालं गं हे? आम्हाला कळवलं का नाहीस?” मी म्हटलं, “आत्या, नवी सायकल आहे ती.” तर म्हणाल्या, “हो गं, धीर धर.” आणि फोन ठेवला. व्हिडिओ कॉलवर समजवावं म्हटलं, तर तिकडे पाच जण एकदम बोलतात आणि बाबांचा चेहरा अर्धाच दिसतो. म्हणून हे पत्र. दोघांनी सावकाश वाचा आणि आत्यांनाही वाचून दाखवा.

तर या सायकलला रिकंबंट ट्राइक म्हणतात. पुढे दोन चाकं, मागे एक. मधे जाळीची खुर्ची, जमिनीपासून दीड वीतभर उंच. त्यात मागे रेलून बसायचं, पाय समोर लांब करायचे. पॅडल पुढे आलेल्या नळीच्या टोकाला असतात. हँडल दोन्ही मांड्यांच्या बाजूला. आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की हाताने चालवायची अपंगांची सायकल किंवा गॅस सिलिंडरची गाडी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे आत्यांचा समज झाला असेल. तोल राखता न येणारे लोकही इथे ही गाडी चालवतात, आणि तशी वेळ आपल्यावर आली असती तरी त्यात आवाज हलका करण्यासारखं काही नाही. पण तुमच्या चिरंजीवांची तक्रार फक्त कंबरेची. दिवसभर संगणकापुढे, आणि सायकलवर बसलं की मणका बोलायला लागतो. हिच्यावर सगळा भार पाठीवर पसरतो. खरेदीमागचं वैद्यकीय कारण एवढंच. बाकीची कारणं पुरुषांची आहेत.

आता पैशांचं. नवी घ्यायची तर तीन-चार हजार युरो सहज जातात. चांगल्या गाड्या इंग्लंडात कॉर्नवॉलला नाहीतर जर्मनीत बनतात, आणि त्यांच्या किमती युरोत वाचाव्यात, शंभराने गुणू नयेत. मी गुणते. सांगलीच्या फ्लॅटचा हप्ता आणि दिवाळीची चार तिकिटं बाजूला काढून मी 1200 युरोंची हद्द आखून दिली. टायर, साखळी, पेट्रोल, सगळं धरून. यावर बाबा फोनवर म्हणाले होते, “एवढ्यात जुनी बुलेट आली असती.” आली असती बाबा, पण तुमचा मुलगा ती चालवून दमला नसता, आणि त्याला दमवणं हाही डॉक्टरांच्या सल्ल्याचाच भाग आहे.

मग संध्याकाळी मार्क्टप्लाट्स या जुन्या मालाच्या साइटवर जाहिराती बघणं सुरू झालं. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, त्यामुळे जुना माल मुबलक. पण आडव्या तीनचाक्या त्यात मोजक्या, आणि आमच्या हद्दीतल्या त्याहून मोजक्या. “फारशी वापरलेली नाही” असं लिहिलेली एक बघायला गेलो, तर पाच पावसाळे अंगणात काढलेली निघाली. कमी वापरली होती हे मात्र खरं. दुसरी लांबून झकास, पण पुढच्या आडव्या नळीच्या जोडापाशी तेवढ्याच भागावर ताजा रंग. बाबा, मला लगेच तुम्ही आठवलात. ‘एसटीत गाडी ताब्यात घेताना आधी ती कोण चालवत होतं ते विचारावं, इंजिन नंतर उघडावं,’ हे तुम्ही आमच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलं होतंत. कमी पैशांत जुनं घेताना हाच एक मंत्र उपयोगी पडतो. नव्या मालाला कंपनीची हमी असते. जुन्या मालाला आधीच्या मालकाच्या सवयींची.

तसा मालक सापडला ड्रॉन्टेनजवळ. हा फ्लेवोलँड प्रांत म्हणजे समुद्र हटवून काढलेली जमीन. ड्रॉन्टेनकडचा भाग 1957 साली कोरडा झाला. म्हणजे बाबा, ती जमीन तुमच्यापेक्षा लहान आहे. सपाट, सरळ रस्ते आणि तोंडावर वारा, म्हणूनच असेल, पण आडव्या सायकलींचे कारागीर तिथे जमले. कवचात बसून चालवायच्या वेलोमोबाइलसुद्धा त्याच गावात बनतात.

विकणारे आजोबा सव्वासहा फूट उंच. आता लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार, तिथे गाडीला जागा नाही. गॅरेजमध्ये प्रत्येक पान्ह्याची बाह्यरेषा भिंतीवर काढलेली, आणि एका वहीत कुठल्या तारखेला कुठला टायर बदलला ते. तुमचे चिरंजीव गाडी बघत होते, मी वही बघत होते. व्यवहार माझ्या मनात तिथेच ठरला होता, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

पण आजोबांचं ठरायचं होतं. कॉफी आली, प्रत्येकी एक बिस्किट आलं, डबा बंद झाला आणि चौकशी सुरू झाली. गाडी कुठे ठेवणार? छपराखाली ना? साखळीला तेल कोण घालणार? थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, नंतर धुणार का? अगदी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, फक्त उलटा: मुलीचा बाप प्रश्न विचारतोय आणि नवरा मुलगा मांडीवर हात ठेवून “हो, धुईन” म्हणतोय. पगार तेवढा विचारला नाही.

मग आमची पाळी. बाबा, हा भाग तुमच्यासाठी. पुढच्या दोन्ही चाकांना किंगपिन आहेत, हो, तुमच्या बसला असायचे तसेच. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, प्ले नाही. पुढच्या टायरची झीज पाहिली. अलाइनमेंट बिघडलं असेल तर हे टायर बघता बघता खरवडून जातात. इथे झीज दोन्हीकडे सारखी होती, पण टायर संपत आलेले. ब्रेक ड्रमचे, 70 मिलिमीटर, पावसाचं पाणी आत शिरत नाही. दोन ब्रेक, दोन्ही पुढच्या चाकांना, डाव्या हाताला डावा आणि उजव्या हाताला उजवा. एकच दाबला तर गाडी त्या बाजूला ओढते. चाकं 20 इंची, ज्यांचे टायर कुठेही मिळतात.

साखळी पुढच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंत जाते, म्हणजे साध्या सायकलच्या अडीच-तीन साखळ्या जोडून होते तेवढी. मी धाकट्याच्या दप्तरातली पट्टी नेली होती. आतली-बाहेरची जोडी ही एक धरून बारा जोड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. सोळांश इंच वाढली की बदलायची वेळ. इथे त्याहून जास्त वाढली होती. आजोबांनी चष्मा लावून स्वतः मोजलं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

भाव 1250 सांगितला होता. मी सांगलीच्या मारुती रोडवरचा जुना डाव टाकला: “बरं, विचार करतो,” म्हणून पर्स उचलली आणि दाराकडे निघाले. आपल्याकडे उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत हाक येते. आजोबांनी उठून दार उघडून दिलं आणि “जपून जा” म्हणाले. डच माणसाला वाटतं, जातो म्हणणारा खरंच जाणार. मग रुमाल विसरल्याचं सांगून मला परत यावं लागलं. नाटक जिथे पडलं तिथे हिशेब चालला. कागदावर लिहिलं: दोन टायर, साखळी, सैल झालेली खुर्चीची जाळी. आजोबांनी प्रत्येक ओळ वाचली, मान डोलावली आणि 1050 वर आले. वर दोन आरसे, सामानाची पिशवी आणि झेंड्याची काठी दिली. चोरीचा माल आहे का, हे फ्रेमचा नंबर टाकून पोलिसांच्या साइटवर बघता येतं; आम्ही संकोचत विचारलं, तर म्हणाले, न विचारणाऱ्याला मी गाडी दिली नसती.

घरी आणल्यावर कळलं की सव्वासहा फुटांसाठी लावलेल्या गाडीत साडेपाच फुटांचा माणूस पॅडलला नमस्कारसुद्धा करू शकत नाही. पण पुढची नळी आत सरकवता येते. ती सरकवली आणि नवी साखळी त्या मापाने तोडली. उरलेला तुकडा सुनेने जपून ठेवला आहे, हे आईंना आवडेल. गाडीची रुंदी 78 सेंटिमीटर, मागच्या खोपटाचं दार 80. रोज आत घालताना दोघंही श्वास रोखून धरतो. इथल्या नियमाने 75 सेंटिमीटरहून रुंद तीनचाकीला सायकलमार्ग सोडून मुख्य रस्त्यानेही जाता येतं, हे चिरंजीव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. जातात मात्र सायकलमार्गानेच.

चालवताना ते फार रुबाबात असतात. सिग्नलला पाय टेकायला नको, गाडी पडत नाही. हात मांडीवर ठेवून निवांत बसतात. कुत्री समोरासमोर भेटतात. पाय पॅडलवरून घसरून खाली गेला तर मोडू शकतो, म्हणून पट्ट्याने बांधलेला असतो. उतरताना इथल्या मंडळींना हाताचा आधार लागतो. आपला माणूस पाटावर जेवून वाढलेला, सरळ उठून उभा राहतो. आई, हे श्रेय तुमचं. चढावर मात्र शाळेची पोरं मागे टाकून जातात, ते पत्रात लिहू नको म्हणाले होते.

आत्यांना एक सांगा. पॅरिसमध्ये 1933 साली फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने अशाच रेललेल्या दुचाकीवर तासाभरात 45.055 किलोमीटर कापले आणि 1914 पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच बदलली आणि ही बैठक शर्यतीतून बाहेर काढली. म्हणजे ही आजाऱ्याची गाडी नाही. धडधाकटांनी घाबरून बाहेर ठेवलेली आहे.

हिशेब: गाडी 1050, दोन टायर 60, साखळी 50, मित्राच्या व्हॅनचं इंधन 40. एकूण 1200. मित्राला दिलेला चिवडा तुमच्याच पार्सलातला होता, म्हणून धरलेला नाही.

एक काम आहे. गाडी एवढी बुटकी की मोटारवाल्यांना दिसावी म्हणून उंच काठीवर झेंडा लागतो. काठी आहे, कापड विटलं आहे. आई, पुढच्या पार्सलात एक तिकोनी पताका शिवून पाठवा. दीड फूट लांब, काठ दुमडून, वाऱ्याने उसवणार नाही अशी. भगवी चालेल. इथे नारंगी हा राजघराण्याचा रंग, 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवसाला सगळा देश त्याच रंगात असतो. आपले लोक म्हणतील संस्कार जपले, आणि डच म्हणतील मिसळून गेले.

मुलांचा नमस्कार.

आपली,
सूनबाई

ता. क. बाबा, ड्रमचे लायनर किती झिजेपर्यंत चालवायचे ते कळवा. तुमचे चिरंजीव म्हणतात अजून वर्षभर जातील. म्हणूनच तुम्हाला विचारते आहे.