पॅनच्या समभागावर वाद घालण्याचा शास्त्रोक्त विधी

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ समोरच्याचे म्हणणे खोडून काढणे ती वितंडा. शेअरबाजारातील लहान गुंतवणूकदारांमध्ये यांपैकी पहिला प्रकार फारसा आढळत नाही, कारण तो संभवण्यासाठी दोघांपैकी एकाकडेही त्या कंपनीचे समभाग नसणे आवश्यक असते, आणि समभाग नसलेली माणसे अशा चर्चेची तसदी घेत नाहीत. उरलेले दोन प्रकार मात्र भरभराटीस आले असून, त्यांत प्रावीण्य मिळवू इच्छिणाऱ्या होतकरू भागधारकाने डिजिटल ओळखीच्या क्षेत्रातील कंपनी निवडावी. औषधनिर्मिती किंवा पोलाद यांविषयी बोलताना आपले अज्ञान थोडेफार आड येते. पॅन आणि आधार ही कार्डे मात्र प्रत्येकाच्या खिशात असल्यामुळे त्या विषयातील अधिकार जन्मसिद्ध वाटतो.

प्रस्तुत विवेचनासाठी मुंबईच्या प्रोटियन ई-गव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीचे उदाहरण घेतले आहे. तिची वंशावळ साधकाने पाठ करावी, परंतु पूर्ण पाठ करू नये. १९९५ साली नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड, म्हणजेच एनएसडीएल, या नावाने स्थापन झालेली ती हीच मूळ कंपनी. समभागांचे कागदी दाखले जाऊन त्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवण्याचे जे काम डिपॉझिटरी म्हणून ओळखले जाते, ते पुढे वेगळ्या कंपनीकडे गेले, आणि मूळ कंपनीकडे पॅनचे अर्ज हाताळणे, राष्ट्रीय पेन्शन योजना व अटल पेन्शन योजना यांच्या खातेनोंदी ठेवणे अशी सरकारी स्वरूपाची कामे राहिली. तिचे नाव आधी एनएसडीएल ई-गव्हर्नन्स इन्फ्रास्ट्रक्चर झाले आणि २०२१च्या अखेरीस प्रोटियन. वेगळी निघालेली डिपॉझिटरी एनएसडीएल हेच नाव लावून ऑगस्ट २०२५मध्ये ८०० रुपये भावाने स्वतंत्रपणे बाजारात आली. घराण्याची ही वाटणी न समजलेला गृहस्थ चर्चेत सर्वांत प्रभावी ठरतो, कारण तो दोन्ही कंपन्यांचे गुण एकीच्याच पदरात टाकतो, आणि त्याला दुरुस्त करू पाहणाऱ्यास आधी तीस वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. तेवढ्यात लोकलगाडीत कुर्ला येते.

भागविक्रीच्या इतिहासाबाबतही हाच संयम पाळावा. कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये जी प्राथमिक भागविक्री केली, म्हणजे ज्याला सर्वत्र आयपीओ म्हटले जाते, तिच्यात १८ समभागांचा लॉट ७९२ रुपये भावाने १४,२५६ रुपयांना पडत होता. सुमारे ४९० कोटी रुपयांची ही सगळी विक्री ऑफर फॉर सेल या प्रकारची होती. म्हणजे जुन्या भागधारकांनी आपल्याजवळचे समभाग विकले आणि पैसेही त्यांनीच नेले, कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपयाही आला नाही. असे असूनही ज्याला लॉट लागला त्याने ‘आपण कंपनीच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून उभे आहोत’ या सुरात बोलावे. सूचीकरणाच्या दिवशी भाव ७९२वरच उघडल्यामुळे त्याच दिवशी विकून मोकळे होण्याचा त्याचा बेत फसला होता, ही गोष्ट दीर्घकालीन दृष्टी या नावाने सांगण्याची प्रथा आहे.

यानंतर बाजारपेठेचा आकार सांगण्याची पायरी येते. कागदी पॅनकार्ड काढण्यास १०७ रुपये शुल्क पडते, देशाची लोकसंख्या १४० कोटी आहे, आणि या दोहोंचा गुणाकार १४,९८० कोटी रुपये होतो, एवढे गणित तिकिटाच्या पाठीवर करून दाखवता आले पाहिजे. कंपनीचा २०२३-२४चा महसूल नऊशे कोटींच्याही आत होता, तेव्हा वाढीला केवढा वाव आहे हे ऐकणाऱ्यास आपोआप पटते. तान्ह्या मुलापासून सर्वांनी दरवर्षी नवे पॅन काढावे आणि शुल्कातील पैसा सरकारला, करापोटी वा सुविधा केंद्राला न जाता सगळाच कंपनीला मिळावा, ही या गणितातील गृहीतके आहेत; ती विचारल्यास सांगावीत. आधारच्या आधारे इलेक्ट्रॉनिक पॅन तत्काळ आणि विनाशुल्क देण्याची सोय आयकर विभागाने स्वतःच २०२०पासून केलेली आहे, ही माहिती मात्र विचारल्यावरही सांगण्याचे कारण नाही. ज्याने त्या सोयीचा लाभ घेतला आहे, त्याला बहुधा ते आठवतही नसते.

पॅनविषयी थोडे तांत्रिक ज्ञान प्रदर्शनासाठी उपयोगी पडते. त्या दहा अक्षरांपैकी चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, व्यक्तीसाठी पी आणि कंपनीसाठी सी, तर व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. समोरच्याचे कार्ड मागून घेऊन हे त्याला दाखवून द्यावे. कंपनीच्या नफ्याशी याचा कसलाही संबंध नाही, परंतु यानंतर बोलणाऱ्याच्या भाकिताला एक वजन येते.

या विषयाचे मर्म १९ मे २०२५ या दिवशी जसे उघड झाले, तसे एरवी क्वचितच होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये पॅन २.० या १,४३५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली होती. पॅनची विखुरलेली सगळी व्यवस्था एका नव्या मंचावर आणणे हा त्याचा हेतू. आपली निविदा पुढील फेरीसाठी विचारात घेतली गेली नाही, असे प्रोटियनने १८ मे रोजी, म्हणजे रविवारी, कळवले, आणि काम अखेरीस एलटीआयमाइंडट्रीकडे, मुंबईच्याच दुसऱ्या एका कंपनीकडे, गेले. प्रोटियनच्या महसुलातील निम्म्याच्या आसपासचा भाग पॅन व करविषयक सेवांतून येत होता. सोमवारी सकाळी बाजार उघडण्यापूर्वी डोंबिवलीहून सुटलेल्या जलद गाडीत निवृत्त बँक कर्मचारी असलेले मामा आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातला भाचा यांच्यात जे बोलणे व्हावे, त्याचा नमुना असा :

‘मामा, पुढच्या फेरीलासुद्धा घेतलं नाही. आता राहिलं काय?’

‘अरे, तो नवा प्रोजेक्ट आहे. जुनं काम चालूच राहणार, कंपनीनंच लिहिलंय पत्रात.’

‘कंपनी दुसरं काय लिहिणार, मामा?’

‘तू कितीला घेतलायस?’

‘आयपीओत लागला होता. सातशे ब्याण्णव.’

‘मग तुला काय जातंय बोलायला!’

या संवादातील चौथे वाक्य अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. त्याच्या आधी कंपनीविषयी तीन वाक्ये बोलली गेली, आणि त्याच्यानंतर कंपनी चर्चेतून निघून गेली. २०२४च्या सप्टेंबरात हा समभाग दोन हजारांच्या पलीकडे गेला होता आणि मामांची खरेदी त्याच सुमाराची आहे, एवढे कळले की त्यांची पुढची सर्व मते, सरकारी धोरणापासून व्यवस्थापनाच्या सचोटीपर्यंत, त्यांना न विचारता लिहून काढता येतात. भाच्याचीही तशीच येतात. फरक इतकाच की तोटा नसल्यामुळे त्याला निःपक्षपाती म्हणवून घेता येते. माणसाचे कंपनीविषयीचे मत त्याच्या खरेदीभावावरून ठरते, बाजारभावावरून नव्हे, हा या शास्त्रातील एकमेव सिद्धान्त होय, आणि त्याला अपवाद सापडलाच तर तो गृहस्थ आपला खरेदीभाव खोटा सांगत आहे असे समजावे.

बाजार उघडल्यावर भाव २० टक्के खाली गेला. समभागाचा भाव एका दिवसात ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून जी रेषा आखलेली असते, तिला खालच्या बाजूस लोअर सर्किट म्हणतात. भाव त्या रेषेवर टेकला की विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा मिळत नाही. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर खरेदीदारांच्या रकान्यात ओळीने शून्ये दिसतात. ती पाहून गप्प राहणे शिष्टसंमत नाही. ‘मोठे लोक खाली माल गोळा करतायत’ हे वाक्य अशा वेळी उच्चारावे. त्याची थोरवी अशी की ते कोणत्याही भावाला लागू पडते : भाव पडला तर गोळा करण्यासाठी पाडला, चढला तर गोळा करून झाला, आणि जागचा हलला नाही तर गुपचूप गोळा करणे चालू आहे. हे मोठे लोक कोण, हे विचारणारा मनुष्य नवखा समजला जातो.

त्यानंतर सरासरीचा संस्कार करावा. दोन हजार रुपये भावाने दहा समभाग घेतलेल्याने ११४० रुपये भावाने आणखी दहा घेतले, तर त्याचा सरासरी भाव १५७० होतो, आणि तोट्याची टक्केवारी पडद्यावर ४३वरून २७वर आलेली दिसते. गमावलेल्या ८,६०० रुपयांतला एकही परत आलेला नसतो, उलट आणखी ११,४०० रुपये त्याच कंपनीत अडकलेले असतात. परंतु रकान्यातील लाल आकडा लहान झाला की जेवण गोड लागते, हे अनुभवसिद्ध आहे. पत्नीने विचारल्यास ‘ॲव्हरेज केलं’ एवढेच सांगावे.

वरच्या बाजूचा विधी तुलनेने सोपा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये युआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने, १८८ जिल्ह्यांत आधार सेवा केंद्रे उभारून चालवण्याचे सुमारे १,१६० कोटी रुपयांचे काम प्रोटियनला दिले आणि समभाग उसळला. मे महिन्यात ज्यांना सरकारी निविदा हा जुगार वाटत होता, त्यांना ती आता राष्ट्रउभारणी वाटू लागली. हा आकडा सहा वर्षांचा आहे, म्हणून त्याला सहाने आणि मग १८८ने भागले तर एका जिल्ह्यामागे वर्षाला साधारण एक कोटी तीन लाख रुपये येतात, आणि त्यातून जागेचे भाडे, यंत्रे, वीज व माणसांचे पगार वजा जाता जे उरेल तो नफा. असे भागाकार करणाऱ्यास ‘निगेटिव्ह माणूस’ म्हणतात. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले. आज बहुतेकांकडे ते असल्यामुळे केंद्रांवरची मोठी गर्दी नव्या नोंदणीपेक्षा दुरुस्तीची असते. कुणाचा मोबाइल क्रमांक बदललेला, कुणाच्या नावात वेलांटी चुकलेली, कुणाची बोटे शेतातल्या नाहीतर भांड्यांच्या कामाने इतकी झिजलेली की यंत्राला ठसाच उमटत नाही. शिवाय मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा घ्यावे लागतात. या व्यवसायाचा खरा कच्चा माल तो आहे. परंतु चर्चेत एआय आणि ब्लॉकचेन हे शब्द अधिक शोभतात, आणि झिजलेल्या अंगठ्यांविषयी बोलून कुणाचे टार्गेट वाढल्याचे ऐकिवात नाही.

कोणत्याही परिस्थितीत एक प्रश्न उपस्थित होऊ देऊ नये, तो हा की ओळख देण्याचे काम ज्याचे आहे ते सरकार आणि कंपनीचा मुख्य ग्राहक एकच असेल, तर कंपनीचे स्वतःचे असे नेमके काय आहे. प्रतिस्पर्ध्याला सहजासहजी ओलांडता येणार नाही अशा फायद्याला गुंतवणूकदार ‘मोट’, म्हणजे किल्ल्याभोवतीचा खंदक, म्हणतात. या व्यवसायातला खंदक बहुतांशी परवानगीचा असून तो सरकारने खणलेला आहे आणि बुजवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आहे. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७मधील खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला, तेव्हा आधारवर ग्राहक पडताळणी उभारलेल्या अनेक व्यवसायांना एका दिवसात हे कळले. पुढील वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन वाट अंशतः पुन्हा खुली झाली. हे सारे माहीत करून घेणे कठीण नाही. सरकारी कामांवरील अवलंबित्वाचा धोका भागविक्रीच्या माहितीपुस्तिकेत ‘जोखमीचे घटक’ या भागात कंपनीने स्वतः छापलेला असतो, आणि म्हणूनच ती पुस्तिका उघडू नये असा दंडक आहे : ती वाचून आलेल्या माणसाशी बोलण्यासारखे काही उरत नाही. बाजारात तुरी असताना भांडणाऱ्या दांपत्याला कुणी तुरीचा भाव सांगितला असता, तर त्या भांडणाची म्हण झाली नसती.

राहता राहिली दीर्घ मुदत. ही मुदत किती, हे आधी ठरवून ठेवू नये. भाव खरेदीभावाला येईपर्यंतचा काळ म्हणजे दीर्घ मुदत, अशी तिची सर्वमान्य व्याख्या आहे. तो काळ धारकाच्या आयुष्यापेक्षा मोठा असू शकतो, हे ध्यानात घेऊन डिमॅट खात्यात वारसनोंद करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्या अर्जात वारसाची ओळख पटवण्यासाठी त्याचा पॅन किंवा आधारचे शेवटचे चार अंक चालतात. वारसाकडे पॅन नसल्यास तो कागदी स्वरूपातच आणि शुल्क भरूनच काढावा, आणि ते १०७ रुपये पुढील तिमाहीच्या निकालात दिसणार असे मानून त्याच दिवशी आणखी दहा समभाग घ्यावेत.