घर फिरलं की वासे

मोटरहोम चालवायला धीट माणूस लागतो, असा एक समज आहे. तो धीट माणसांनीच पसरवलेला असावा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हे वाहन भित्र्यांच्याच हाती शोभतं, आणि ज्याला त्याच्या स्टिअरिंगला हात लावताना घाम फुटत नाही त्याला मागच्या पलंगावर झोपवून ठेवावं. न्यूझीलंडचंच पाहा. तिथे साध्या मोटारीच्या परवान्यावर 6000 किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं. म्हणजे कालपर्यंत कोथरूडमध्ये स्विफ्ट चालवणारा गृहस्थ आज क्राइस्टचर्चला उतरून शयनगृह, स्वयंपाकघर आणि संडास यांसह हमरस्त्याला लागू शकतो. वेगळी परीक्षा नाही, काही नाही. गाडी ताब्यात घेताना जे शिकायचं असतं त्यातही गॅसची टाकी, पाण्याची टाकी आणि संडासाची पेटी यांचाच भरणा. ते योग्यच आहे म्हणा, कारण ती पेटी भलत्या वेळी उघडली तर तो प्रसंग कुटुंबात तीन पिढ्या सांगितला जाईल. पण वळायचं कसं, हा धडा राहून जातो. कायदा इतका उदार आणि शिकवणी इतकी घरगुती असल्यावर लगाम धरायला भीतीशिवाय उरतं कोण?

‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ हे आपण दिवस फिरलेल्या माणसाबद्दल म्हणतो. मोटरहोमच्या बाबतीत ती निव्वळ भूमिती आहे. सहा जणांची मोटरहोम सात मीटरांच्या आसपास लांब असते आणि मागच्या चाकांच्याही मागे बरंच घर नुसतं लोंबत असतं. चालक उजवीकडे वळला की हा लोंबता भाग डावीकडे झोकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या निष्पाप गाडीला खांदा मारतो. त्याच वेळी आतल्या बाजूचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने न जाता कोपरा कापतं, आणि त्या कोपऱ्यावर हमखास एक खांब असतो. मोटारीत हे दोन्ही प्रकार इतके किरकोळ असतात, की वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही त्यांचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने नाक निघालं की गाडी निघाली. इथे हत्ती जातो आणि शेपूट राहतं, तेही पेट्रोल पंपाच्या खांबाला टेकून. उंचीचंही तसंच. डोक्यावर तीन मीटरांहून उंच छप्पर आहे, ही गोष्ट मोटार चालवताना कधी आठवावीच लागत नाही, त्यामुळे अनुभवी माणूस हॉटेलच्या पोर्चखाली सराईतपणे शिरतो. भित्रा मात्र आधी उतरतो, मान वर करून पाहतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. लोक हसतात. छप्पर शाबूत राहतं.

यावर आपल्याकडचे अनुभवी म्हणतील, ‘अहो, आम्ही वरंधा घाट पावसाळ्यात उतरलोय, आणि तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात.’ खरी अडचण इथेच आहे. रस्ता ओळखीचा वाटतो, म्हणून हात जुन्या सवयीने चालतात. मारुतीत सिग्नलची दांडी उजव्या हाताला. तिकडच्या बऱ्याच मोटरहोम युरोपीय सांगाड्यावर बांधलेल्या, त्यांच्यात ती डाव्या हाताला. परिणामी कडकडीत उन्हात प्रत्येक वळणावर काच पुसणारा चालक दिसला, तर तो आपल्यापैकी असण्याची शक्यता बरीच. शिवाय घाटातलं आपलं मुख्य अवजार हॉर्न, आणि ते तिथे निकामी. एकपदरी पुलावर पाटीवरचा बारीक लाल बाण ज्याच्या दिशेचा, त्याने समोरून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. ‘आधी नाक घालील त्याचा पूल’ हे आपलं शास्त्र तिथे चालत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या तारामाकाऊ नदीवर तर 2018 पर्यंत मोटारी आणि आगगाडी एकाच एकपदरी पुलावरून जात. अशा पुलापाशी आत्मविश्वास हा गुण म्हणायचा की आजार, हे आगगाडी ठरवते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भित्रा माणूस हळू चालतो, मागे रांग लावतो, आणि घाबरून भलतीकडेच ब्रेक दाबतो. रांगेचं उत्तर सोपं. 3500 किलोंहून जड वाहनाला तिथे ताशी 90 किलोमीटरची मर्यादा, हलक्याला 100. म्हणजे हळू जा, असं कायदाच सांगतो. आणि मागे रांग साचली तर जागा मिळताच बाजूला व्हायचं, हाही तिथला नियमच. भित्र्याला तो आवडतोच, कारण थांबायला कारण मिळतं. ब्रेकचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. भीती आणि घबराट यांत फरक आहे. भीती वळणाआधी येते, घबराट वळणात. मिलफर्डच्या वाटेवरचा होमर बोगदा साधारण सव्वा किलोमीटरचा आणि सरळ उताराचा आहे. जो आधी घाबरतो तो तोंडाशीच खालचा गिअर टाकतो, म्हणजे आपले ट्रकवाले खंबाटकीत करतात तेच. जो घाबरत नाही तो ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, आणि ब्रेक तापले की घाबरतो. त्याच बोगद्याच्या तोंडाशी किआ नावाचे डोंगरी पोपट थांबलेल्या गाड्यांचं रबर उचकटत असतात. त्यांना मात्र कोणाचीच भीती नाही, आणि गाडीचं नुकसान करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

राहता राहिलं मागे घेणं. ट्रकला क्लीनर असतो, एसटीला कंडक्टरची शिट्टी. मोटरहोमला घरातलंच कोणीतरी, हातात टॉर्च घेऊन कॅम्पच्या अंधारात उभं. धीट चालक कॅमेऱ्यावर विसंबून खिडकी बंद ठेवतो. भित्रा चालक खिडकी उघडतो, रेडिओ बंद करतो आणि श्वास रोखून ऐकतो. ‘येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...’ पुढचा शब्द ‘बस्स!’ असणार, हे दोघांनाही माहीत असतं. तो धक्क्याच्या आधी ऐकू यावा, एवढ्यासाठीच त्याने खिडकी उघडी ठेवलेली असते.