गेंडा, ओट्स आणि इंद्रायणी

आजार किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजचे व्यवहार पुन्हा स्वतः करता यावेत, यासाठी झटणारी शाखा म्हणजे व्यवसायोपचार. तरीही पवन मावळात उभा जन्म भातलावणीत गेलेल्या आजींची बोधनक्षमता, म्हणजे लक्ष, स्मृती आणि नियोजनाची शक्ती, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३० गुणांच्या माँट्रियल चाचणीवर जोखताना त्यांना गेंडा ओळखावा लागतो, घनाकृती काढावी लागते आणि शिक्षण बारा वर्षांपलीकडे न गेल्याचा एक गुण तेवढा उदारपणे पदरात पडतो. प्रत्यक्ष काम करवून घेणारी अमेरिकी चाचणी त्याहून शहाणी खरी, पण तिच्यात ओट्स शिजवायचे असतात. चुलीवर इंद्रायणीचा भात न करपवता उतरवला आणि लोणावळ्याच्या बाजारात उरलेली मोड चोख मोजून घेतली, तरी त्याची नोंद ‘इतर निरीक्षणे’ या सदरात, तीही जागा उरल्यास.